शिरणीचा पहिला घास

एलाही भरोसा
सोनामुडा, निर्वासितांची छावणी
२४ ऑगस्ट १९७१

ति. मियाभाई यांस,
साजेदाचा सलाम, वि. वि.

मैनाखालांच्या पानाच्या टोपलीतून तुमची चिठ्ठी पोचली. कागदाला अजून विड्याच्या पानांचा वास आहे, म्हणून उशाशी ठेवलीय. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिते. ताडपत्रीखाली चिखल, शेजारच्या तंबूत हगवण, आणि रांगेत उभं राहून मिळतो तो तांदूळ असा, की तुमच्या बोटीवरच्या एसहाक आचाऱ्यानं तो कोंबड्यांनाही टाकला नसता. तरी जेवते. साजू रडत रडत दोन ताटं संपवते असं तुम्ही म्हणायचात ना, तेच चाललंय. फक्त दुसरं ताट नसतं.

आता खरं सांगते. माझा लुतू इथं नाही. जूनमध्ये छावणीत कुणी साहेब आले आणि चांगलं पोहता कुणाला येतं म्हणून विचारलं. आमचे लुत्फरमियाँ सगळ्यांच्या आधी उभे. शाळेच्या सुट्टीत तुमच्या ‘दिलारा’च्या या अंगाला बुडी मारून त्या अंगाला निघायचा, तुम्ही शिव्यांनी घाट दणाणून सोडायचात आणि एसहाकचाचा त्याला गुपचूप माशाचं डोकं वाढायचे. त्या लाडाची फळं आज मी भोगतेय. चिठ्ठीत तो एवढंच लिहितो की नदीकाठी आहे, दिवसभर पाण्यात असतो, रोज अंडी मिळतात. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पंधरा तारखेच्या रात्री एकदम चार बंदरांत बोटी बुडाल्या, तुमच्या चांदपुरातही बुडाल्या. इथं माणसं रेडिओभोवती नाचली. मी तंबूत येऊन तोंडात पदर कोंबून बसले. पाण्याखाली माझा मुलगा आणि पाण्यावर माझा भाऊ. मला दुसरं आहे कोण?

मियाभाई, पाकिस्तानी फौजेची ती चाकरी सोडा. पाय मोडला म्हणा, डोळे गेले म्हणा, पण त्या बोटीवरून उतरा. लोभ आहेच, तो घेऊन तुम्ही किनाऱ्यावर या.

तुमची,
साजू

*

चांदपूर घाट
२९ ऑगस्ट १९७१

चि. साजू हिस,
अ. आ. व दुवा.

पत्र मिळालं. रडून अक्षरं फुगवलीस, तरी वाचता आली. तुला लिहायला मीच शिकवलं, आणि मी शिकलो तागाच्या गठ्ठ्यांवरचे शिक्के वाचून. तेव्हा आपल्या दोघांच्या अक्षराला कुणी नावं ठेवू नयेत.

बोट सोडा म्हणतेस. बाई गं, मी सारंग आहे, सगळी बोट माझ्या हाती, पाहुणा नाही. त्या बुडाबुडीनंतर सुभेदारानं आम्हाला बोटीवरच कोंडलंय. आठ खलाशी, एसहाक आणि मी. दिवस मावळला की पहाऱ्यावरचा संत्री डोकी मोजतो. एक डोकं कमी भरलं तर उरलेल्यांना धक्क्यावर बंदुकीसमोर उभं करीन, असं त्यानं हसत हसत सांगितलं. बाजूच्या तागाच्या बोटीवरचा सुकाणूवाला पळाला, तर त्याच्या माणसांना खरंच उभं केलं. मी ते पाहिलं. त्यातल्या दोघांच्या लग्नात जेवलोय मी.

आणि बोट काय वाहते ते विचारू नकोस. विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगू? दारूगोळा वाहते आणि शिपाई वाहते. ते उतरतात त्या चरावर, नदीतल्या गाळाच्या बेटावर, मग धूर दिसतो. मी सुकाणू धरून बसलेला असतो. पूर्वी ‘दिलारा’चा भोंगा झाला की काठावरची पोरं पाण्याकडे धावत यायची, आठवतं? आता भोंगा झाला की आया पोरांना काखेत मारून उसाच्या फडात शिरतात. भोंगा तोच आहे, वाजवणारा हातही तोच. अन्न गोड लागत नाही. पण एसहाक ऐकतो का? जुनी रीत तो सोडत नाही. सारंगानं पहिला घास घेतल्याशिवाय हंड्यावरचं झाकण काढत नाही, आणि खलाशी कुरकुरत माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हातारा म्हणतो, तुम्ही उपाशी राहिलात तर ही आठही पोरं मरतील, आणि खापर माझ्या माथी. मग गिळतो.

लुतूची भेट झाली तर माझा एक निरोप दे. त्यांच्यातलं कुणी इकडे आलं, तर सारंग कोण आहे हे बघून ‘दिलारा’ला वगळू नये.

तू जेव. लोभ वाढव, रडणं कमी कर.

तुझा मियाभाई,
तोराब अली

*

सोनामुडा
५ सप्टेंबर १९७१

ति. मियाभाई यांस,
सलाम, वि. वि.

तुमचा निरोप मी देणार नव्हते. चुलीत घालणार होते. जळतं लाकूड हातात होतं आणि तेवढ्यात लुतू दारात उभा. एका दिवसाची रजा घेऊन आला होता. काळा ठिक्कर पडलाय, आणि दिवसभर पोटाला विटा बांधून पोहतात म्हणे, त्याचे वळ उठलेत. मी हात लावला तर म्हणाला, अम्मा, गुदगुल्या होतात. खोटारडा मेला. लहानपणापासून दुखलं की त्याला गुदगुल्याच होतात.

जेवताना त्यानं विचारलं, मामा कुठं असतात. माझ्या तोंडून निघून गेलं की ‘दिलारा’वर. हातातला घास तसाच राहिला, मियाभाई. मग बोलू नये ते सगळं बोलला. त्याला आणि आणखी दोघांना चांदपूरलाच धाडताहेत, आणि बुडवायला नेमून दिलेली बोट तीच आहे. तो घाट त्याच्या पायाखालचा, म्हणून त्याचंच नाव निघालं. मला दुसरीकडे पाठवा म्हणून त्यानं म्होरक्याचे पाय धरले. म्होरक्या म्हणाला, प्रत्येक बोटीवर कुणाचा ना कुणाचा मामा आहे.

मला वाटलं, आता तरी भीतीनं अडेल. पण ज्याची त्याला भीती ती वेगळीच. ते लोहचुंबकाचे सुरुंग शेवाळावर धरत नाहीत म्हणे. पाण्याखाली बोटीचं पोट सुरीनं खरवडावं लागतं, आणि खरवडता खरवडता दम संपतो. मागच्या खेपेला त्याचे दोन सोबती तसेच संपले. वर तोंड काढलं आणि गोळी लागली. ‘दिलारा’चं पोट तर केवढं शेवाळलेलं असेल, असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मीच ते घासायला हवं होतं.

जाताना म्हणाला, भाद्रातल्या शेवटच्या गुरुवारी तू पाण्याच्या राखणदाराच्या, ख्वाजा खिजिरांच्या नावानं केळीच्या खोडाचा तराफा सोडशील, तेव्हा त्यावर माझ्यासाठी एक दिवा जास्त लाव. मगरिबच्या नमाजाला, दिवस मावळताना लाव. त्याच दिवशी का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही समजलात. वाचून झालं की हे जाळा.

मी आई आहे की बहीण आहे, तेच मला कळेनासं झालंय. एकासाठी दुवा मागायला हात वर केले की दुसऱ्याचा गळा दाबल्यासारखं वाटतं. गुरुवारच्या आधी उतरा. कसे उतरता ते मला ठाऊक नाही. तुम्ही मोठे आहात, मार्ग काढा.

लोभ असू द्या म्हणायलाही आज तोंड होत नाही.

साजू

*

चांदपूर
९ सप्टेंबर १९७१

चि. साजू हिस,
अ. आ. व दुवा.

तू मार्ग काढा म्हणालीस, तर काढला. सगळ्यांना पुरेल एवढा रुंद नाही, पण आहे.

सुभेदाराला म्हणालो, हुजूर, बोट जड चालते. पोटाला शेवाळ आणि शिंपले इतके बसलेत की ओढ्यातली म्हैस हिच्याआधी पोचेल. चिडला, मग म्हणाला, घासा. खलाशांनी पाण्याबाहेरची पट्टी घासली, आणि संत्र्यासमोर भरपूर गोंधळ घातला. खाली मी स्वतः उतरलो. या वयात बुडी मारली की कानात बैल डुरकतात. पण तीन जागा घासल्या, परातीएवढ्या, हात फिरवला तर काचेसारख्या लागतील अशा. एक इंजीनघराखाली, एक मालाच्या कोठाराखाली, एक सुकाणूच्या थोडी पुढे. तिन्ही नदीच्या अंगाला, पुरुषभर पाण्याखाली. हे लुतूला कळव. सुरी काढायचीसुद्धा गरज पडणार नाही म्हणावं. लावायचं आणि निघायचं.

माणसांचीही सोय लावली. गुरुवारी बदर पिराच्या नावानं शिरणी करायची परवानगी मागितली. नदीला हे शिपाईही घाबरतात, पिराच्या नावाला नाही कोण म्हणेल? तागाच्या गोदामामागे मशिदीच्या अंगणात मगरिबनंतर फातिहा होईल, मग तांदळाचं पीठ, दूध, गूळ, केळी. आठही खलाशी आणि एसहाक तिकडे असतील. मात्र ओलीस म्हणून एका माणसानं बोटीवर राहिलं पाहिजे, अशी सुभेदाराची अट आहे. एक म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. सारंगानं विचारायचं नसतं.

खलाशांना काही सांगितलेलं नाही. एकाला कळलं तर आठ चेहरे बदलतील आणि संत्र्याला चेहरे वाचता येतात.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. आयुष्यात पहिलंच. लुतूला सांग की शिरणीला मामाही उतरणार आहेत. पाण्याखाली हात थरथरला तर तीन पोरं मरतील. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी लोणच्याची बरणी फोडून मांजराचं नाव सांगितलंस तेव्हा अम्मानं तुझा चेहरा पाहून मांजरालाच दूध दिलं होतं. पण पत्रात चेहरा दिसत नाही. तेवढा फायदा घे.

मी खचलेलो नाही. रात्री भोंग्याच्या दोरीकडे बघून एवढंच वाटतं, की आता हिला ओढायचं संपलं.

लोभ आहे तो लुतूकडे वळव.

मियाभाई

*

सोनामुडा
११ सप्टेंबर १९७१

चि. लुतू यास,
अ. आ.

बाळा, मैनाखाला तुझ्या मुक्कामावरून जाणार आहेत, म्हणून घाईत लिहिते. तीन जागा घासून ठेवल्यात, नदीच्या अंगाला, पुरुषभर पाण्याखाली: इंजीनघराखाली, कोठाराखाली आणि सुकाणूच्या थोडी पुढे. सुरी वापरू नकोस.

त्या संध्याकाळी मामा बोटीवर नाहीत. सगळी मंडळी शिरणीला उतरणार आहेत, मामासुद्धा. काळजी करू नकोस. त्यांच्या हातचं पत्र आहे माझ्याकडे.

नाकात तेल घाल. कानात कापूस घाल. पोट बांधून घे. मला आणखी काही लिहायला लावू नकोस.

अम्मा

*

मुक्काम लिहीत नाही
१९ सप्टेंबर १९७१

ति. अम्मा हिस,
सलाम, वि. वि.

मी जिवंत आहे. आम्ही तिघंही आहोत. उजव्या कानातून रक्त येत होतं, ते थांबलं. आता त्या बाजूनं कुणी बोललं की ताग पिंजल्यासारखं ऐकू येतं.

संध्याकाळी ओहोटी लागली तसे डोक्यावर जलपर्णी घेऊन सुटलो. धक्क्यावर गडबड चालली होती. कंदील हलत होते, माणसं हसत होती, संत्रीही तिकडेच बघत होता. आम्हाला ते फावलं. मी इंजीनघराखालची जागा घेतली. अंधारात हातानं चाचपत गेलो, शेवाळ, शेवाळ, शिंपले, आणि एकाएकी गुळगुळीत लोखंड. अम्मा, घरातल्या ताटावर हात पडावा तसं वाटलं. सुरुंग लावला तर आपसूक चिकटला.

तेव्हाच वरून ठोका आला. ठक ठक, आणि थोडं थांबून ठक. बोटीच्या तळावर कुणीतरी लोखंडानं मारत होतं. लहानपणी मी ‘दिलारा’खाली फार वेळ राहिलो की असंच वाजायचं. कोण वाजवायचं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की त्या आवाजानं मी वर यायचो आणि वर गरम भात असायचा.

वर बोटीवर माणूस होता, अम्मा. मी खाली होतो आणि तो वर होता, मधे बोटभर पत्रा. सुरुंग काढता येत नाही. एकदा बसला की बसला. तरी मी दोन्ही हातांनी ओढला. नखं गेली. सोबत्यानं केस धरून मला दूर नेलं.

उसाच्या फडात पोचलो आणि आकाश लाल झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी आली, की ‘दिलारा’ गेली आणि ओलीस ठेवलेला माणूस तिच्यासोबत गेला. सारंगच असणार, असं सगळे म्हणत होते.

तू लिहिलं होतंस की मामा उतरणार आहेत. त्यांच्या हातचं पत्र आहे म्हणालीस. मला वर बोलावत होते ते, आणि मी त्यांच्या पायाखाली सुरुंग ठेवून आलो. तुला माहीत होतं का? होतं की नव्हतं, एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

लुत्फर

*

सोनामुडा
२२ सप्टेंबर १९७१

ति. मियाभाई यांस,
सलाम.

हे पत्र कुठं पाठवायचं ते ठाऊक नाही. मैनाखालांना म्हणाले, टोपलीत टाकून न्या. माझा भाऊ भेटला तर त्याला द्या, त्याची कबर भेटली तर तिथं बसून वाचा, काहीच भेटलं नाही तर नदीत सोडा. सोबत लुतूची चिठ्ठी आहे. त्याला मी काय उत्तर देऊ ते तुम्हीच सांगा. खोटं बोलायला तुम्हीच शिकवलंत.

गुरुवारी मी तराफा सोडला होता. इथून नदी लांब, म्हणून छावणीमागच्या डबक्यात सोडला. दोन दिवे लावले. साचलेल्या पाण्यात तराफा जाणार कुठं? जरा फिरला आणि काठाला येऊन लागला. बांबूनं ढकलला, पुन्हा आला. बाया म्हणाल्या, खिजिरांनी घेतला नाही. मी कंबरभर पाण्यात उतरून तो ढकलत राहिले. एक दिवा विझला. कुणाचा कोणता होता, ते मी लावताना ठरवलंच नव्हतं.

असलात तर दोनच अक्षरं पाठवा. नसलात तर काय म्हणू? सलाम.

साजू

*

एका चरावरून, कोळ्यांच्या झोपडीतून
३० सप्टेंबर १९७१

चि. साजू हिस,
अ. आ. व दुवा.

मी आहे. आधी पाणी पी, मग पुढचं वाच.

मैनाखाला मला शोधत शोधत इथवर आल्या. मला पाहून त्यांनी पहिल्यांदा मुस्काटात मारली आणि मग रडल्या. तुझी आणि लुतूची, दोन्ही पत्रं वाचली. पुष्कळ वेळा वाचली.

झालं ते असं. सगळं गणित मांडलं आणि स्वतःच्या बोटीवरची रीत विसरलो. मगरिब झाली. मंडळी मशिदीच्या अंगणात गेली. मी एकटा इंजीनघराशी बसून पाण्याकडे बघत होतो. आणि बघतो तर काय, आठही खलाशी शिरणीचा हंडा बांबूला लटकवून, कंदील हलवत, धक्क्यावरून परत येताहेत! सारंगाचा पहिला घास झाल्याशिवाय झाकण कसं काढायचं? सारंगाला उतरता येत नाही ना, मग पंगत बोटीवरच मांडू, असं त्यांनी ठरवलं होतं. फार मोठी गंमत केल्यासारखे हसत होते. मी बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी उभा राहून त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. जितक्या शिव्या दिल्या तितके जास्त हसले. एक म्हणाला, सारंगसाहेबांना भूक लागली की असेच भडकतात. संत्रीही हसायला लागला, वर या म्हणाला.

तेवढ्यात एसहाक पुढं झाला. खांद्यावर पंचा, हातात लोखंडी डाव. संत्र्याला म्हणाला, शिपाईदादा, तुम्हाला ओलीस एक डोकंच हवं ना, हे घ्या माझं, सारंगापेक्षा केस जास्त आहेत यावर. आणि माझ्याजवळ येऊन माझा कान धरावा तसा दंड धरला. हळूच म्हणाला, की घासतात ते सरसकट घासतात, तीनच जागी बुड्या मारून कोण घासतं? मला डोळे आहेत. तुम्ही इथं राहिलात तर ही पोरं वर येतील. जा, घास घ्या, त्यांना तिकडे अडकवून ठेवा. मी तोंड उघडलं, तर म्हणाला, पंचवीस वर्षं तुम्हाला वाढतोय, एकदा मुकाट्यानं ऐका.

मी ऐकलं, साजू. एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला एक. मी उतरलो. घास घेऊन लगेच परतायचं, त्याला हाकलायचं आणि आपण बसायचं, असं मनाशी म्हणत होतो. पण इमामसाहेबांची दुवा सुरू झाली, आणि त्यांनी नदीत गेलेल्या प्रत्येक सारंगाचं नाव घ्यायला घेतलं. मधेच उठलो असतो तर आठही जण मागे आले असते. शेवटी आमीन झाली. मी हंड्यात हात घातला, मूठ भरली, आणि गोदामाच्या मागे नदी उभी राहिली.

त्या गोंधळात जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. आठही जण जिवंत आहेत, चहूकडे विखुरलेत. फौजेनं घाटावरचा बाजार जाळला. मी कुणाच्या होडीतून इथं आलो ते मला आठवत नाही. सकाळी बघतो तर उजवी मूठ मिटलेलीच होती. कोळ्यानं बोटं एकेक करून उघडली. आत वाळलेली शिरणी.

आता लुतूचा ठोका. माझ्या हातात कधी डाव नव्हता. तो पाण्याखाली राहिला की मी शिव्या द्यायचो. त्या पाण्यात ऐकू जात नाहीत. डावानं तळ ठोकायचा तो एसहाक. ठक ठक, ठक. भात झाला, वर ये. पोरगं खाली आलं आहे हे म्हाताऱ्यानं ओळखलं होतं. मी असतो तर श्वास रोखून पडून राहिलो असतो. त्याला ते जमलं नसतं. पोर उपाशी पाण्यात आहे म्हटल्यावर त्याच्या हाताला राहवलं नाही.

लुतूला खरं लिही. तुला माहीत होतं म्हणून लिही, मी तुला खोटं बोलायला लावलं म्हणून लिही. मामासाठी रडलास ते पूस म्हणावं, आणि आता ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासाठी रड. तो रागावेल, तुझ्याशी बोलणार नाही. बोलू नये. पण जेवायचं सोडायचं नाही. एवढं एसहाकच्या वतीनं मी बजावतोय.

हातियाला एसहाकची मुलगी आहे, नूरबानू. गेल्या वर्षीच्या तुफानातून तेवढी एकच वाचली होती. तिला कुणी कळवलेलं नाही. दर महिन्याला ती बापासाठी सुकट पाठवते; या महिन्याचीही घाटावर कुठंतरी येऊन पडली असेल. वाट मोकळी झाली की मी जाणार आहे. कोळीण रोज ताट वाढते आणि मी झाकण काढायची वाट बघत बसून राहतो.

लोभ असावा म्हणतो. पण साजू, तुझ्याकडे शिल्लक असेल तेवढा सगळा आता हातियाच्या पोरीवर असू दे. मला त्यातला पहिला घास नको.

तुझा मियाभाई,
तोराब अली